सूडो

मंगळवार, ४ फेब्रुवारी

विचारलं नाही, सांगितलं नाही! दोन दिवस राहायला आला आणि मी भाजी आणायला गेले तेवढ्यात माझ्या कॉम्प्युटरचा जुना संसार पुसून नवा थाटून मोकळा. "आई, जुन्या सिस्टीमला काही अर्थ नव्हता. लिनक्स टाकलंय. आता बघ कसं पळतं." आणि चिरंजीव संध्याकाळच्या गाडीने परत.

पळतंय खरं. पण आज टायपिंगला घेतलेली मास्तरांच्या आत्मचरित्राची फाईल उघडली तर पानभर किडेमुंग्या! एक अक्षर वाचता येईना. ज्या फॉन्टवर मी आयुष्यभर लोकांची टायपिंगची कामं केली, तो फॉन्टच गेला. त्याला फोन केला. "जुना फॉन्ट सोड आता आई, नव्याने शीक." म्हणजे मास्तरांचं बालपण, नोकरी, लग्न सगळं पुन्हा टाईप करू? म्हातारा रोज विचारतो, "बाई, कुठवर आलं?"

काय सांगू, मुंग्यांपर्यंत आलं?

बुधवार, ५ फेब्रुवारी

कपाटात जुन्या फॉन्टची सीडी सापडली! माळ्यावरच्या भंगारात टाकणार होते, बरं झालं नाही टाकली. पण फॉन्ट आत ठेवू देत नाही. परवानगी नाही म्हणतो. माझ्याच घरात, माझ्याच टेबलावर, माझ्याच पैशाने घेतलेल्या यंत्रात मला परवानगी नाही!

या नव्या सिस्टीमला एकेक आज्ञा टाईप करून द्यावी लागते, आणि मदतीसाठी एम-ए-एन लिहायचं असतं. मी वाचलं 'मन'. मन लिहून पुढे आज्ञेचं नाव लिहिलं की ती आज्ञा आपलं सगळं सांगून टाकते. एवढं मोकळं मन या घरात दुसऱ्या कोणाचं नाही. इंग्रजी जड आहे, पण डिक्शनरी उशाला आहेच.

शुक्रवार, ७ फेब्रुवारी

आज कळलं, मोठ्या कामांच्या आधी 'सूडो' लिहावं लागतं. काय पण नाव शोधलंय! मला तर पाहताक्षणी पटलं.

सूडो लिहिलं. पासवर्ड मागितला. टाईप करते तर पडद्यावर काहीच उमटेना. कीबोर्ड बिघडला समजून उलटा करून आपटला, त्यातून खोबऱ्याचा कीस पडला. मग समजलं, उमटत नसतोच, मुकाट्याने टाईप करायचा असतो. केला. तर उत्तर काय — तुमचं नाव परवानगीच्या यादीत नाही. हा प्रकार वरती कळवला जाईल.

वरती म्हणजे कुठे? पोलिसांत? घाबरून वायरच काढली.

सोमवार, १० फेब्रुवारी

वरती म्हणजे चिरंजीव!! त्याच्याकडे गेली माझी तक्रार. आणि त्याने काय करावं? त्या तक्रारीचा फोटो काढून नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, "आमच्या मातोश्री हॅकर झाल्या!" नणंदेने हसून लोळणारी तोंडं पाठवली, एक नाही, ओळभर. धाकटे दीर म्हणाले, "वहिनी, आता बँक लुटा." ज्यांच्या पोरांचे अर्ज मी फुकट टाईप करून दिले ते हे लोक!

संताप संताप झाला. रडले नाही. त्याचा फोन आला, उचलला नाही. आता उचलणार पण नाही. नाक घासत येईल तेव्हा बघू.

मंगळवार, ११ फेब्रुवारी

फोन आला. उचलला नाही.

गुरुवार, १३ फेब्रुवारी

आज 'हू' शिकले. यंत्रात आत्ता कोण कोण आहे ते सांगतं. सकाळी चहा घेत सहज लिहिलं. दोन नावं! घरात मी एकटी, आणि हू म्हणतं दोघं आहेत. दुसरं चिरंजीवांचं. तिकडे बसून माझ्या यंत्रात शिरलाय! बघता बघता नाव गेलं.

शनिवार, १५ फेब्रुवारी

काल आला, आज आला. सकाळीच येतो. काही उघडत नाही, काही हलवत नाही, लगेच जातो. काय चोरून बघतो? फोन उचलत नाही म्हणून पाळत ठेवतो होय? नऊ महिने पोटात वागवलेल्याने माझ्यावर पाळत ठेवावी! थांब लेका.

मास्तर आज काही न विचारता खुर्चीत बसून राहिले. जाताना म्हणाले, "माझ्याकडे फार वेळ नाही हो बाई." त्याचाही हिशोब चिरंजीवांच्या नावावर.

सोमवार, १७ फेब्रुवारी

जमलं!!!

यादीत नाव त्याचं, म्हणून त्याचा पासवर्ड हवा होता. आईला काय शोधावा लागतो? लहानपणी याची उशी, सायकल, पाळलेलं कासव, सगळ्यांचं एकच नाव — ढब्बू. ढब्बू टाकलं, नाही लागलं. पुढे जन्मसाल लावलं. उघडलं! एवढा शिकला पण अक्कल कासवाइतकीच.

मग सगळं भराभर. आधी यादीत माझं नाव घातलं. मग त्याचं काढलं. मग सीडीतला फॉन्ट आत ठेवला आणि मास्तरांची फाईल उघडली. मुंग्या गेल्या, अक्षरं आली! पहिलंच वाक्य दिसलं, "माझी आई फार कडक होती." हसूच आलं.

'किल' म्हणूनही एक आज्ञा आहे, आत शिरलेल्याला हाकलायला. पण किलच्या पुढे पोराचं नाव? तेवढं काही हातून लिहवेना. नुसता त्याचा पासवर्ड बदलला. नवा पासवर्ड ठेवला 'सूड'. कीबोर्ड मराठीवर ठेवून! यंत्र कुरकुरलं, फार लहान आहे म्हणे. लहान असला तरी पुरेसा आहे. बस आता बोंबलत बाहेर.

मंगळवार, १८ फेब्रुवारी

सकाळी हू लिहिलं. एकच नाव. माझं.

कसं गार वाटलं! चहात साखर जास्त घातली. मास्तरांना फोन केला, म्हटलं उद्या या, आणि चष्मा घेऊन या.

बुधवार, १९ फेब्रुवारी

अंथरुणातच होते तर दार बडवलं. शेजारची नर्स, ड्यूटीचे कपडे, केस तसेच. मला बघून दाराला टेकलीच. "काकू, उभ्या आहात ना! तुमच्या मुलाने रडकुंडीला येऊन फोन केलाय. तुम्ही फोन घेत नाही, मग रोज सकाळी तुमचं नाव कॉम्प्युटरवर दिसलं की आई उठली असं समजून कामाला जायचा म्हणे. कालपासून त्याला आत जाताच येत नाही, नाव दिसत नाही."

तिने फोन माझ्या हातात दिला. मी नुसतं हॅलो म्हटलं. मग, "आई, पासवर्ड काय ठेवलास?"

"सूड," मी म्हणाले. "मराठीत लिही. आणि यादीत नाव नाही हं तुझं. नुसतं बघून जायचं."