दादाच्या सायकलीचा चिमटा

आये,

दादाची ती सायकल मी गोठ्याच्या माळ्यावरून उतरवली. गोठा पाडायचा ठरला, तेव्हा चुलतभावानं निरोप धाडला की काय सामान असेल ते घेऊन जा, नाहीतर भंगारवाला नेईल. तू असतीस तर आधी फुकणी फेकून मारली असतीस आणि मग विचारलं असतंस, "कुणाला इचारून हात लावलास गं, सटवे?" तुझी रीतच ती. आधी मार, मग चौकशी. आढ्याला बांधलेला काथ्या कोयत्यानं कापताना मी दोनदा मागं वळून बघितलं, हसू नकोस. साठी उलटलेली बाई मी, नवऱ्यामागं सांगलीत लेथचं दुकान चालवलं, अंगावर येणाऱ्या गिऱ्हाइकांना पाना दाखवून पिटाळलं, आणि मेलेल्या आईच्या भीतीनं मला शिडीवर घाम फुटला.

आता ती माझ्या दुकानात फळीवर आडवी पडलीय. दादा ती इटलीच्या लढाईतून घेऊन आला तो दिवस तुला आठवत असेल. सेहेचाळीस साल. वळकटीत सांगाडा, पोत्यात चाकं, आणि मेंढ्याच्या शिंगासारखं खाली वळलेलं हँडल गळ्यात अडकवून तो वेशीतून आला. पोरं मागं लागली होती. बॉम्बनं पाडलेल्या एका घराच्या ढिगाऱ्याखालून काढली म्हणायचा, आणि त्याच ढिगाऱ्यात अजून काय काय सापडलं ते दारू प्याला की सांगायचा. गावात कोण म्हणे जर्मन सायकल, कोण म्हणे इंग्लिश. तू म्हणालीस, "मढ्याच्या घरातली वस्तू, घरात आणायची न्हाई." पण दादानं ती सांगलीला नेली, पेठेतल्या मिस्त्रीकडून जोडून घेतली, आणि मग त्याला कोण आवरतंय! सर्व्हिस मोटारीबरोबर शर्यत लावून कुंडलच्या रस्त्यानं असा सुटायचा की ड्रायव्हर खिडकीतून शिव्या घालायचा. आई शपथ, इतकं देखणं काही आपल्या घरात कधी आलं नव्हतं.

पण लढाईनं त्याचं डोकं फिरवलं होतं आणि तुझं डोकं जन्मापासूनच फिरलेलं. घरात दोन वस्तरे, आणि मधे मी. तुला वाटायचं त्यानं ऊस बघावा, लग्न करावं. त्याला ऊसात उभं राहिलं की धाप लागायची. वाऱ्यानं पाचट वाजलं तरी हा खाली वाकायचा. एकदा वाटेकऱ्यानं मागून खांद्यावर हात ठेवला, तर दादानं वळून त्याचं नाकाड फोडलं आणि मग स्वतःच त्याला पाठीवर घेऊन वैद्याकडं पळाला. दुसऱ्या वर्षी दिवाळीआधी त्यानं चुलीपुढं बसून सांगून टाकलं, "आये, मी उद्या साताऱ्याला चाललोय. पलटणीत परत नाव घालतो."

तू भाकरी थापत होतीस. हातातलं पीठ तू परातीत झटकलंस, एवढं दिसतं मला अजून. मग तू उठलीस, कोपऱ्यातलं मुसळ उचललंस आणि मला वाटलं आता दादाचं डोकं फुटतं. पण तू त्याला ओलांडून अंगणात गेलीस. सायकल तुळशीच्या कट्ट्याला टेकलेली. "जातोस व्हय? जा की! कशावर जातोस बघती!" पहिला घाव सीटवर बसला, दुसरा हँडलवर, आणि तिसरा पुढचं चाक दोन पायांत धरतो त्या चिमट्यावर. त्या आवाजानं बैलांनी दावी ताणली. मी तुझी कंबर धरली तशी तू कोपर मारून माझा ओठ फाडलास. आणि दादा दारात उभा राहून हसत होता. "आणि मार. दमलीस का?" तू दमल्यावर त्यानं सायकल उलटी केली, चिमट्याचा वाकलेला पाय गुडघ्याला लावला आणि ओढून सरळ केला. कुरकुरलं ते लोखंड. चाक फिरवून बघितलं आणि म्हणाला, "झालं. तुझ्यापेक्षा जर्मन बरा मारायचा."

सकाळी तो गेला आणि दुपारी बैलगाडीतून आला. डोंगराच्या उताराला चिमट्याचा पाय मोडला, चाक आडवं झालं, डोकं मैलाच्या दगडावर आपटलं. तोंड ओळखू येत नव्हतं. तू रडली नाहीस. तू स्वतःचं कपाळ उंबऱ्यावर इतक्यांदा आपटलंस की बायांनी तुला लुगड्यानं खांबाला बांधली. मग कुणीतरी म्हणालं, चांगली फारीनची सायकल अशी मोडती कशी? मिस्त्रीनं चिमटा बदलला असणार, चांगला काढून ठेवला आणि भंगारातला बसवला. तुला तेवढंच पाहिजे होतं. मरणाला एक माणूस सापडला.

दिवस घातले आणि दुसऱ्या दिवशी तू गाडी जुंपायला सांगितलीस. मी बैल हाकत होते, तू मागं बसलेलीस, मांडीवर फडक्यात चिमट्याचा तुटका पाय आणि खाली गवतात कुऱ्हाड. मिस्त्री दुकानाच्या पायरीवर चाक लावून तारा ओढत होता. पांढरी दाढी, डोक्यावर नमाजाची टोपी. तुला बघून उठला, दुखवट्याचं काही बोलायला तोंड उघडलं, तेवढ्यात तू कुऱ्हाडीचा तुंबा त्याच्या उजव्या मनगटावर घातलास. बोथट बाजूनं घातलास, एवढंच. हाड मोडल्याचा आवाज ओल्या फांदीसारखा आला. मी कुऱ्हाड धरायला गेले तर दांडा माझ्या भुवईवर बसला. ती खूण अजून आहे. "माजं पोरगं खाल्लंस तू! चिमटा चोरलास!" असं ओरडून तू तो तुटका पाय त्याच्या पुढ्यात फेकलास.

मिस्त्री खाली बसला होता. उजवा हात मांडीवर मेलेल्या पाखरासारखा. डाव्या हातानं त्यानं तो पाय उचलला. मोडलेल्या टोकाकडं बघितलं, मग त्याच्या लगतच, जिथं पोचा होता तिथं अंगठा ठेवला. अंगठा तिथंच राहिला. त्यानं मान वर करून तुझ्याकडं बघितलं, बराच वेळ. मला वाटलं आता हा शिवी देईल, नाहीतर रडेल. तर म्हणाला, "व्हय आक्का. चिमटा बदलला मी. चूक माजीच हाय."

दिवस सत्तेचाळीस सालातले. कुठून कुठून कसल्या बातम्या येत होत्या आणि माणसं उगाचच हातात काठ्या घेऊन हिंडत होती. दुकानापुढं गर्दी झालीच होती. कबुली ऐकल्यावर एक जण ओरडला, "बघताय काय? ह्यांची जातच असली! पेटवा दुकान!" आणि रॉकेलचा डबा पुढं आला. मी भिंतीला चिकटले होते, डोळ्यात रक्त उतरत होतं. तू वळलीस. तीच कुऱ्हाड घेऊन पायरीवर उभी राहिलीस आणि त्या डबेवाल्याच्या गुडघ्यावर असा दांडा घातलास की तो डब्यासकट गटारात गेला. "माजं पोरगं मेलंय. तुजं कोण मेलंय रं मुडद्या? फुडं या, एकेकाची खांडोळी करती!" कुणी पुढं आलं नाही. गर्दी पांगेपर्यंत तू तिथं उभी होतीस. मला तेव्हा तुझा अभिमान वाटला. वाटला, खोटं कशाला बोलू?

घरी आल्यावर तू मुसळ चुलीत घातलंस. टोकाच्या लोखंडी कड्यासकट, त्या वसवीसकट. आणि कुठूनतरी डांबर आणून सगळी सायकल काळी केलीस, तुटका पाय तारेनं सांगाड्याला बांधून माळ्यावर टाकलास. मी म्हणाले, "भंगारात दे की," तर कानफटात बसली. "गंज चडंल म्हणून डांबर लावलंय. हात लावायचा न्हाई." मग माझं लग्न झालं, मी सांगलीतच आले, आणि येता-जाता मला मिस्त्री दिसायचा. मोडका हात बगलेत धरून पोरांच्या चाकात डाव्या हातानं हवा भरायचा. लोखंड जोडायचं झाळकाम गेलं, तारा ओढणं गेलं. पेठेत त्याला कुणी मिस्त्री म्हणत नव्हतं आता, चिमटाचोर म्हणायचे. त्याच्या पोरालाही शाळेत तेच म्हणायचे. मी त्या रस्त्यानं जायचं सोडलं.

तर आता ऐक. मी सायकल उघडली. पायडलच्या धुऱ्याच्या नळीत माझ्याकडचा इंग्लिश सायकलीचा आट्यांचा कप फिरवून बघितला, आटे जुळेनात. म्हणजे दादा खरं सांगत होता, ती तिकडचीच, इंग्लिश नव्हे. पुढं नावाची पट्टी होती तिथं नुसती दोन भोकं राहिलीत. धुऱ्याखालचं डांबर रॉकेलनं पुसलं तर ठोकलेला नंबर निघाला. मग हँडल काढून चिमटा खाली ओढला. त्याची वरची दांडी सांगाड्याच्या नळीत लपलेली असते, ती कधी कुणाला दिसत नाही. पुसली. तिच्यावर तोच नंबर. बनवणाऱ्यानं जोडी चुकू नये म्हणून दोन्हीवर ठोकलेला. चिमटा मूळचाच होता, आये. कुणी काही बदललं नव्हतं. मिस्त्रीनं न केलेली चोरी कबूल केली होती.

मी स्टुलावर बसून राहिले. का, हे काही केल्या कळेना. मग तो तुटका पाय घेतला. सगळ्या सायकलीवर डांबर पातळ, गंजाला अडवण्यापुरतं. इथं एकाच जागी बोटभर जाड, भरून, दाबून बसवलेलं. खरवडलं. खाली पोचा, अर्ध्या चंद्राचा, मुसळाच्या वसवीचा. भेग तिथूनच सुरू झालेली. घावानं नळी चेमटली, दादानं गुडघ्यावर न तापवता थंडच सरळ केली, आणि उताराला ती तिथंच फाटली. मिस्त्रीचा अंगठा त्या पोच्यावर होता. तुझ्या एका घावानं तुझं पोरगं गेलं हे त्याला त्या पायरीवर कळलं, आणि मोडलेला हात मांडीवर घेऊन त्यानं ते तुला सांगितलं नाही.

पण तुलाही कळलं. नाहीतर मुसळ का जाळलंस? त्याच जागी डांबर का भरलंस? त्याचा अंगठा थांबला तिथं तुझी नजर गेली आणि पायरीवरच तुला कळलं, म्हणून दुकान जळू दिलं नाहीस. आणि परत कधी गेली नाहीस! जन्मभर त्या माणसाला चोर म्हणू दिलंस. आये, मी त्या दिवशी दुकानात घण घेतला आणि ऐरणीवर इतका मारला की शेजारचा धावत आला. तू समोर असतीस तर काय केलं असतं, देव जाणे. तुझीच लेक मी.

मग कामाला लागले. चिमट्याला नवा पाय पितळेनं झाळून बसवला, सांगाडा घासून निळा केला, चाकं सरळ केली. चाकं ओढताना माझं दोनदा बोट फाटलं. दोन्ही वेळेला मी तुलाच शिव्या घातल्या. आणि नवी झालेली सायकल हातात धरून मी मिस्त्रीच्या दारात गेले. तो केव्हाच गेला. त्याचा पोरगा आता म्हातारा, बापाच्याच पायरीवर बसतो. मी त्याला नंबर दाखवले, पोचा दाखवला, मुसळाचं सांगितलं. म्हटलं, "सगळ्या पेठेत सांगा. तुमचे वडील चोर नव्हते."

तो सायकलीकडं बघतच नव्हता. म्हणाला, "आमाला ठाव हाय, आक्का. अब्बांनी जाताना सांगितलं. वर शपत घातली, त्या माउलीच्या कानावर जाऊ द्यायचं न्हाई. पोटच्या पोराला आपणच मारलं हे कळलं तर ती बाई जगायची न्हाई, म्हणाले." आणि मग, "सायकल घिऊन जावा. आमच्या दारात नगं." मी हँडल धरून उठले. तेव्हा त्यानं मागून विचारलं, अगदी हळू, बापाच्या हाताची किंमत विचारावी तसं, "त्यास्नी कवा कळलं न्हाई न्हवं?"

आये, हे पत्र कुठं टाकणार मी, आणि तू कशानं वाचणार? पण त्याला मी काय म्हणाले एवढं तुला सांगते. मी म्हणाले, "न्हाई वो. तिला कवाच कळलं न्हाई."