चौथ्या चाकावरची खूण

द्वारका, नाशिक

प्रिय दत्तूस,

हे पत्र तिसऱ्यांदा लिहायला घेतलंय. दोन ओळी झाल्या की उठतो, शटरपर्यंत जातो, परत येऊन बसतो. फोन केला असता, पण माझा नंबर दिसला की तू उचलत नाहीस; आणि उचललासच तर मी पुन्हा आवाज चढवीन, याची धास्ती. कागदावर ओरडता येत नाही, तेवढं बरं.

आपलं गॅरेज चालू आहे. समोर चौकात तोच गोंगाट. त्यातून कुठल्या ट्रकचं बेअरिंग रडतंय ते मला अजून खुर्चीत बसून कळतं. कान शाबूत आहेत. बिघाड झालाय तो दोन कानांच्या मधे. कोणी सकाळी कर्कश हॉर्न मारला तर छाती दुपारच्या जेवणापर्यंत धडधडत राहते. पूर्वी आपण कडाकडा भांडायचो आणि दहा मिनिटांत एकाच कपातला चहा बशीत अर्धा-अर्धा ओतून घ्यायचो.

वेदिका पुण्याहून आली होती. आमची पोरगी तिथल्या प्रयोगशाळेत म्हाताऱ्या उंदरांचे मेंदू तपासते, त्यामुळे घरात बापाकडे बघायची नजरही तशीच. तिनं समजावलं, की ताण आला की अंगात एक हार्मोन चढतं. मेंदूच्या ज्या भागात आठवणी घडतात, तिथल्या पेशींवर ते ओळखणारे रिसेप्टर असतात. तेच कळवतात, पुरे, आता थांबवा. वयानं हे रिसेप्टर कमी होऊ शकतात. मग निरोप उशिरा पोचतो, हार्मोन रेंगाळतं आणि त्याच पेशींच्या फांद्या झिजवतं. तरुण उंदीर लवकर सावरतो, म्हातारा भेदरलेलाच राहतो. मी म्हटलं, म्हणजे अ‍ॅक्सिलरेटर अडकलाय! ती हसली. म्हणाली, बाबा, उंदरावरून स्वतःचा निकाल लावू नका, आधी डॉक्टरांकडे चला.

मला मात्र हायसं वाटलं. वाटलं, धनराजच्या जीपचं सगळं प्रकरण त्या हार्मोनच्या माथी मारता येईल.

तुला माहीत असलेलंच लिहितोय, पण मला ते एकदा क्रमानं मांडायचंय. आपली पद्धत अशी, की तू हवेच्या गननं चाकाचे नट आवळायचेस आणि मी टायरवर खडूची खूण करायची. चारी चाकांवर खूण असल्याशिवाय गाडी फाटकाबाहेर जायची नाही. गेल्या श्रावणात धनराजची ती प्रवासी जीप बाहेर गेली आणि पेठच्या घाटात तिचं चाक निखळलं. आत बसलेल्या तुझ्या गावच्या भागीबाईचा हात मोडला. दुसऱ्या दिवशी धनराज तणतणत आला, तेव्हा मी सगळ्यांदेखत तुझ्याकडे बोट दाखवलं. तू एवढंच म्हणालास, पुंजा, नीट आठव. मी म्हणालो, तुझंच वय झालंय म्हाताऱ्या, नट आवळायचं विसरतोस. तू गन खाली ठेवलीस आणि गेलास. आता गावातली पोरं तुला बघून म्हणतात, लय भारी मिस्त्री हाय, बायांचे हात मोडतो. धनराजनं हसत सांगितलं. मला हसू आलं नाही.

दत्तू, त्या दिवशी मला खरंच आठवत नव्हतं. दिवाळीनंतर नवा मिस्त्री चाकं आवळत होता आणि माझ्या कानात तो दिवस जसाच्या तसा वाजला. गन तीनच चाकांवर वाजली होती. फाटकात एक ट्रकवाला गाडी आडवी लावून हॉर्न दाबत बसलेला. चौथ्या चाकाचे नट तू नुसते हातानं लावले होतेस, आणि मीच ओरडून तुला ट्रक हटवायला पिटाळलं. मग त्याच रागात चौथ्या चाकावर खूण करून जीप सोडली. तो राग, तो विसर कदाचित वयाचा असेल. आठवल्यावर पाच महिने गप्प बसलो, ते मात्र पूर्ण शुद्धीत. रविवारी पहिल्या एसटीनं येतोय, धनराजला घेऊन. आधी भागीबाईच्या दारात, गावासमोर सांगणार, की चूक माझी होती. तुझ्याकडे त्यानंतर येईन. दार उघडायचं की नाही, ते तू ठरव.

जसा उरलोय तसा, तुझाच
पुंजा