पर्सनल कमी करा

गुरुवार, संध्याकाळ. नौपाडा.

दातांच्या दवाखान्यासाठी मी लिहायचे ते लेख गेले हातचे, ते आता एआय मशीनकडूनच लिहून घेतात. डोंबिवलीहून भाचीचा, केतकीचा फोन. "मावशी, सगळंच लिहीत बसू नकोस गं. एक नीश धर, एकच खास विषय. काका जाईपर्यंत त्यांना अर्धांगवायूत तीन वर्षं सांभाळलंस ना? त्याला मागणी आहे."

शाळेत सिस्टरनी नीश म्हणजे भिंतीतला कोनाडा असं शिकवलं होतं. आमच्या कॉन्व्हेंटच्या जिन्यात होता, त्यात मदर मेरी. माझा कोनाडा म्हणजे सुधीरचं आजारपण?

तरी लिहिलं, घरच्या रुग्णसेवेच्या एका वेबसाइटसाठी. रुग्णाला भरवावं कसं. पेज नको असली की सुधीर चमचा दातांत धरून ठेवायचा आणि डोळ्यांनी हसायचा. मी म्हणायचे, "सोड रे, आईने दिलेला चमचा आहे." हे लिहिताना कितीतरी दिवसांनी हसू आलं.

संपादिकेचं उत्तर आलं, "मॅम, खूप टचिंग आहे, पण पर्सनल कमी करा. वाचकांना टिप्स हव्यात."

मग काढत गेले. चमचा काढला, त्याचं हसणं काढलं, शेवटी नावही. ‘रुग्णाने तोंड मिटून घेतल्यास सक्ती करू नये.’ मी कधी केली का सक्ती? केली होती, एकदा. तेही लिहिलं होतं, काढलं.

लेख लगेच पास झाला. संपादिकेला असेच आणखी दहा हवे आहेत. केतकी फोनवर आनंदाने ओरडलीच. आणि मी... दहा लेख. दर वेळी त्याला आठवायचं आणि मग पुसून टाकायचं.