बेसिनजवळचं टेबल

होस्टेल,
१२ ऑगस्ट

प्रिय ताईस,

सप्रेम नमस्कार. बाबांनी शिकवलेला मायना आहे, हसू नकोस.

पत्र कशाला, फोन मेलाय का, असं म्हणशील. घरी फोन केला की बाबा तो दुकानाच्या काउंटरवर ठेवून स्पीकरवर टाकतात, आणि शिलाई मशीन दुरुस्तीला आणलेलं गिऱ्हाईकसुद्धा मला ‘जेवलीस का’ विचारतं. तुला केला की तू मीटिंगमध्ये असतेस. पत्र मध्येच तोडता येत नाही, एवढाच त्याचा फायदा.

मी मजेत आहे. खोली बरी आहे. खोलीतली दुसरी मुलगी सतत कानात हेडफोन घालून असते, म्हणून मी मनातल्या मनात तिचं नाव हेडफोन ठेवलंय. आमचं भांडण अजिबात होत नाही. तिचा मला त्रास नाही आणि मी आहे हे तिला माहीत नाही.

आर्किटेक्चरचा स्टुडिओ तू सांगायचीस तसाच आहे. लांबच लांब हॉल, पाचही वर्षांची मुलं एकाच छताखाली, कागद, गोंद, कटरचे आवाज. पहिल्याच दिवशी एक गंमत झाली. मी थेट तुझ्या खिडकीजवळच्या टेबलापाशी गेले. तिथे चौथ्या वर्षाचा एक झिपऱ्या बसला होता, केस इतके की डोळे शोधावे लागतात. तू सांगितलं होतंस तसंच मी म्हणाले, “हे माझ्या ताईचं टेबल. तिने माझ्यासाठी ठेवायला सांगितलंय.” तो म्हणाला, “कुणाची ताई?” मी तुझं नाव सांगितलं. त्याने उभं राहून अख्ख्या हॉलला विचारलं, “अरे, या नावाचं कुणी कुणाला माहितीये का?” सगळे हसले. मग मीही हसले. आता मला तिथे वारसदार म्हणतात. गमतीतच.

कँटीनवाल्या काकांना म्हटलं, “ताईचा नेहमीचा चहा द्या.” ते म्हणाले, “चहा एकाच प्रकारचा आहे.”

मला टेबल मिळालंय, काळजी नसावी. बेसिनजवळ आहे. पाणी जवळ, ब्रश धुवायला उठावं लागत नाही.

तेवढं एक कळव, तुझं टेबल नक्की कितवं होतं? आणि तुझ्या त्या मित्रमैत्रिणींच्या टोळीतल्या कुणाचा नंबर असला तर पाठव. सहज.

तुझीच,
बटण

होस्टेल,
३ फेब्रुवारी

ताई,

मागच्या पत्राला तुझा दोन ओळींचा मेसेज आला होता. “टेबलं बदलली असतील गं आता. तू जरा मिसळत जा, सगळं ठीक होईल.” टोळीतल्या कुणाचा नंबर आला नाही. मी पुन्हा मागितलाही नाही. आता का ते लिहिते.

आधी घरची बातमी, म्हणजे तुला माहीत असलेलीच. मी बाबांना सांगितलंय की मला हे कॉलेज सोडून दुसरीकडे बदली करून घ्यायची आहे. कॉलेज मी शोधलंय. लहान आहे, आपल्यातलं कुणी तिथे गेलेलं नाही, माझं वर्ष वाया जाईल, हेही मला माहीत आहे. फक्त पालकांची सही हवी. बाबा म्हणाले, “ताईला विचारतो. तिने काढलीत तिथे पाच वर्षं, तिला जास्त कळतं.” काल त्यांचा फोन आला. स्पीकरवर. “ताई म्हणते, राहू दे तिला तिथेच, सवय होईल.” मागून आई म्हणाली, “ताईने कधी तक्रार केली का? कशी रमली होती! तूच नाक वर करून फिरत असशील.” आणि बाबांनी त्यांचं ठेवणीतलं वाक्य काढलं, जे ते गिऱ्हाइकाला ऐकवतात: “मशीन बरोबर आहे, हात बसायला वेळ लागतो.”

सवय होईल, म्हणालीस. ताई, तुला झाली होती का?

इथे टेबल कसं मिळतं हे तू आम्हाला अर्धंच सांगितलं होतंस. वर्ष संपलं की सीनियर आपलं टेबल अशा ज्युनियरला देतो, ज्याने त्याची मॉडेलं चिकटवली, त्याच्यासाठी पुठ्ठे कापले, त्याच्याबरोबर बसून डबा खाल्ला. म्हणजे टेबल मिळालं की टोळी मिळाली. ज्याला कुणीच देत नाही त्याला उरतं ते बेसिनजवळचं. आल्यागेल्याने ब्रश झटकले की आपल्या कागदावर शिंतोडे. जो येतो तो हात धुतो आणि जातो. कुणी पाठीशी उभं असलं तरी ते नळ रिकामा व्हायची वाट बघत असतं. पहिले काही दिवस मी मान वळवून हसायचे. मग सोडलं.

आणि मी तर पहिल्याच दिवशी खिडकीचं टेबल हक्काने मागून बसले होते. विचार कर, ज्या टेबलासाठी पोरं वर्षभर राबतात ते एक नवी मुलगी येऊन आपल्या ताईच्या नावावर मागते, आणि त्या ताईला कुणी ओळखतच नाही. चारचौघांत असं हसं झालं की ते पुसता येत नाही. गटाने करायचं काम निघालं की कुणीतरी म्हणतं, “वारसदारांना ताई मदत करेल.” सर मला कुठल्या तरी गटात घालतात. गट मला तारीख सांगत नाही. मी जाते तेव्हा काम झालेलं असतं. “अगं, आम्हाला वाटलं तू बिझी असशील.” मी, बिझी! मी वेळ जावा म्हणून जिन्याच्या फरश्या मोजते.

रडगाणं पुरे. मला त्यांचा जेवढा राग आहे त्याहून तुझा जास्त आहे, आणि तो का ते सांगायला मी चार परिच्छेद घालवले.

माझं टेबल डुगडुगत नाही. यात काय विशेष, असं तुला वाटणार नाही, कारण तुला माहीत आहे. पाणी वाहून जावं म्हणून बेसिनकडे फरशीला उतार आहे. तिथे ठेवलेलं कुठलंही टेबल डुगडुगायलाच हवं. माझं ढिम्म हलत नाही. मला वाटायचं, चला, एक तरी गोष्ट नशिबाने बरी मिळाली. मग दोन आठवड्यांपूर्वी माझी पेन्सिल घरंगळत खाली गेली म्हणून मी वाकले, आणि मागच्या डाव्या पायाखाली बघितलं.

निळ्या स्लीपरचा तुकडा. त्रिकोणी, एका कडेला जाड, दुसरीकडे पातळ तासलेला, पातळ कड आतल्या बाजूला. असा तुकडा एकच माणूस कापतो. झिजलेली स्लीपर बाबा कधी टाकत नाहीत. दुकानातल्या प्रत्येक मशीनच्या पायाखाली, घरच्या कपाटाखाली, आईच्या ओट्याशेजारच्या स्टुलाखाली हेच तुकडे आहेत. आपल्या दोघींना त्यांनी काउंटरमागे बसवून ते कापायला शिकवलं होतं. मी नेहमी जाड कापायचे. तुला जमायचं.

आणि स्लीपर मी ओळखली, ताई. पहिल्या वर्षीच्या सुट्टीत तू घरी आलीस तेव्हा तुझ्या एका निळ्या स्लीपरची टाच कापलेली होती. आई ओरडली. तू म्हणालीस, “मैत्रिणींनी मस्करी केली गं माझी.” आम्ही किती हसलो होतो! बाबांनी तो किस्सा गिऱ्हाइकांना सांगितला. मी तर माझ्या शाळेत सांगितला. माझ्या ताईच्या मैत्रिणी इतक्या वाह्यात आहेत म्हणून मी मिरवत होते.

मी टेबलाखाली बसून राहिले. वरून कुणीतरी हात धुऊन गेलं.

मग एकेक गोष्ट आठवायला लागली. पाच वर्षांत, सुट्टीत, तुला कधी कुणाचा फोन आला नाही. टोळीतलं कुणी आपल्या घरी आलं नाही. फोटो मागितला की तुझा फोन बिघडलेला असायचा. आम्ही तिघांनी हे पाहिलं आणि तिघांनीही पाहिलं नाही, कारण तू सांगायचीस फार छान. आई हातातलं काम ठेवून ऐकायची. बाबा दुकान लवकर बंद करून यायचे. आणि मी पुढ्यात बसून, तोंड उघडं टाकून. मला दुसरं काहीच शिकायचं नव्हतं, ताई. घरं कशी बांधतात यात मला काडीचा रस नव्हता. मला तुझी टोळी हवी होती. मला ते खिडकीजवळचं टेबल हवं होतं.

तरी मी स्वतःला म्हटलं, स्लीपर काय, कुणाचीही असेल. मग गेल्या सोमवारी बांधकाम शिकवणारे म्हातारे सर माझा नकाशा बघायला आले. कागदावर पाण्याचे थेंब होते. म्हणाले, “हे टेबल बदलून माग. इथे पूर्वी एक मुलगी होती, तिने अख्खा कोर्स या पाण्यात काढला. रोज एक फडकं आणायची, आधी टेबल पुसायची, मग बसायची. हात फार स्वच्छ होता तिचा.”

मी विचारलं, “कुणाशी बोलायची नाही का?”

ते म्हणाले, “बोलायला कुणीतरी लागतं ना. कधी टेबल बदलून मागितलं नाही तिने. आम्हीही विचारलं नाही. नाव काय बरं तिचं... जाऊ दे. तुझ्या ओळखीची होती का?”

मी म्हणाले, “नाही सर.”

तेव्हा तुझा सूड घेतल्यासारखं वाटलं, म्हणून म्हणाले. खोलीवर आल्यावर जाणवलं की मी खरं तेच बोलले होते. खिडकीजवळ बसणारी, हसवणारी, जिच्या चहात काका न सांगता साखर कमी घालायचे, तिला मी लहानपणापासून ओळखते. फडकं घेऊन येणारीला मी ओळखत नाही. तिने मला कधी काही सांगितलं नाही.

तू घरी का सांगितलं नाहीस, हे मला समजतं. आईचा चेहरा पडला असता. बाबांनी तुझ्यासाठी आणलेला तो मोठा ड्रॉइंग बोर्ड भिंतीवर टांगलेला असायचा. पहिल्या सुट्टीत एक थाप मारली असशील, दुसऱ्या सुट्टीत ती निभवावी लागली असेल. तिथपर्यंत मी तुला माफ केलं असतं, माफ करायला मी कोण म्हणा. पण मी इथे यायला निघाले तेव्हा? स्टेशनवर तू मला मिठी मारलीस आणि म्हणालीस, “माझं नाव सांग, टेबल मिळेल.” तुला माहीत होतं ना मी नाव सांगेन? की मी इथे येईन आणि तुझी थाप माझ्या हातून खरी होईल, असं तुला वाटलं होतं?

आणि आता, सगळं ठाऊक असून, बाबांना सांगतेस, राहू दे तिला. तू बेसिनजवळ बसलीस म्हणून मीही बसावं. तू तोंडातून ब्र काढला नाहीस म्हणून मीही काढू नये. म्हणजे पाच वर्षांनी आपण दोघी मिळून घरी किस्से सांगू.

मी सांगणार नाही घरी. एका वाक्यात सगळं संपवू शकते, बाबा स्पीकर लावतातच, गिऱ्हाईकही ऐकेल. पण ते तुझं आहे, तुलाच सांगायचंय. रविवारी तू घरी जाणार आहेस. मी नालायक नाही, मी नाकाने कांदे सोलत नाही, तिथे एक माणूस पाच वर्षं एकटं बसलं होतं आणि ते तू होतीस, एवढं त्यांना सांग. मग सही आपोआप होईल. नाही सांगितलंस तर सही होणार नाही, आणि मी कोर्स सोडून दुकानात काउंटरमागे बसेन, मशीनला तेल घालेन. पण त्या टेबलाशी बसणार नाही. माझं सामान बांधून झालंय. हेडफोनला अजून पत्ता नाही.

तू कशी बसलीस गं तिथे? हे रागाने विचारत नाही. कुणीतरी विचारायला हवं होतं, कुणीच विचारलं नाही, मीसुद्धा नाही.

शेवटचं. आज सगळे कँटीनला गेले तेव्हा मी टेबल उचलून तो तुकडा काढून घेतला. सोबत पाठवतेय. तुझं माप अजून अचूक आहे, टेबल आता भयंकर डुगडुगतंय, त्यावर एक रेघ सरळ ओढता येत नाही. येऊ दे पुढच्या वर्षी ज्या कुणाला ते मिळेल तिला राग. तिने पहिल्याच दिवशी उठून ओरडावं.

तुझ्यानंतर तिथेच बसलेली,
बटण