तळ्याकाठची खोली, सेल्वी आणि तुमची पेटी

प्रिय बाबा,

काल तळ्याकाठच्या खोलीची चौकट उभी राहिली आणि सुताराच्या मानाचं ताट माझ्या हातात आलं. त्या ताटाबद्दल तुमच्याशी बोलायचं आहे. तुम्हाला जाऊन आठ महिने झाले. इतके दिवस लिहिलं नाही, कारण लिहिलं असतं तर भांडले असते. आजही भांडेनच बहुतेक.

तुमची हत्यारांची पेटी अजून माझ्या खोलीत आहे आणि किल्ली माझ्या पर्समध्ये. आई दर रविवारी म्हणते, "सेल्वीला देऊन टाक गं. इथल्या हवेत लोखंड गंजतंय. तू काय त्या पटाशीनं पेन्सिली तासणार आहेस?" तुम्ही काही सांगून गेला नाहीत, म्हणून हा निर्णय माझ्यावर आला. एक वाक्य बोलला असतात तर काय बिघडलं असतं?

मी नऊ वर्षांची असताना तुमच्याकडे पटाशी मागितली होती. तुम्ही म्हणालात, "बोटं सांभाळ, परीक्षा आहे." दुसऱ्या दिवशी मला कंपासपेटी आणून दिलीत. मी शहाण्यासारखी ती घेतली आणि इंजिनिअर झाले. तुम्हाला हेच हवं होतं ना?

मग सेल्वीला का शिकवलंत?

रेल्वेच्या डब्यांच्या कारखान्यातून निवृत्त होऊन तुम्ही गल्लीत सुतारकामाची शेड घेतली, तेव्हा ती एक मोडकं स्टूल घेऊन आली. ओरगडमच्या फॅक्टरीतलं पॅकिंगचं काम सोडलेली, माझ्याच वयाची. स्टूल दुरुस्त झालं, पण ती गेलीच नाही. चार वर्षांत तिला करवत आली, रंधा आला, खिळ्याशिवायचे सांधे आले. तिच्या बोटांची काळजी नाही वाटली तुम्हाला?

संध्याकाळी मी अड्यारच्या ऑफिसातून यायची, तेव्हा गल्लीच्या तोंडापासून तुमचं हसणं ऐकू यायचं. तमिळमधलं हसणं. "वाम्मा, हे बघ," असं तिला बोलवायचात. मी दारात दिसले की मराठीत विचारायचात, "काय इंजिनिअर, जेवलीस का?" एवढंच. ती तुम्हाला अप्पा म्हणायची, म्हणजे बाबाच. तुम्ही एकदाही तिला थांबवलं नाहीत!

आता खोलीचं सांगते. चेंगलपट्टूच्या पुढे एका निवृत्त शिक्षिकेची काजूची बाग आहे, तळ्याला लागून. त्या बाईंना तिथं ध्यानाला बसण्यासाठी लाकडाची खोली हवी होती. दहा फूट बाय दहा फूट, एक दार, तळ्याकडे एक खिडकी, बाकी काही नाही. मी स्वतंत्रपणे घेतलेलं पहिलं काम. ड्रॉइंग तुम्हाला दाखवलं, तेव्हा तुम्ही आजारी होतात. चष्मा लावून बराच वेळ पाहिलंत आणि म्हणालात, "सेल्वीला दाखव."

मला वाटलं होतं, निदान एक चूक तरी काढाल.

काम सेल्वीला दिलं, कारण तसं काम करणारं दुसरं कोणी मिळालं नाही. सागवानी फळ्या मी आधीच ऑफिसात आणून ठेवल्या होत्या. मीटरनं प्रत्येक फळीतला ओलावा मोजला. आकडे अगदी बरोबर होते. सेल्वी म्हणाली, "अक्का, फळ्या महिनाभर बागेत राहू देत." मी म्हटलं, मोजमाप झालंय, वेळ नाही. फळीला फळी भिडवून खोलीची जमीन करून घेतली. तीन आठवड्यांत ती मधोमध पापडासारखी फुगली.

सेल्वीनं आरडाओरडा केला नाही. गुडघ्यावर बसून जमिनीवरून हात फिरवला आणि म्हणाली, "तुम्ही यांना एसीत बसवून विचारलंत, बरं आहे ना? त्या म्हणाल्या, बरं आहे. आता तळ्याकाठी विचारा!"

बाई हसल्या. मीही हसले, पण ते तोंडदेखलं. मापं माझी, चूकही माझी. ऑफिसातली हवा मोजून मी तळ्याकाठची जमीन बांधली होती. बाबा, ही चूक तुम्हाला त्या ड्रॉइंगमध्ये दिसली होती का? आणि तुम्ही ती तिच्यासाठी राखून ठेवलीत?

सगळ्या फळ्या उचकटल्या. सेल्वीनं त्या झाडाखाली पट्ट्यांवर रचल्या, वर पत्रा टाकला. दर आठवड्याला प्रत्येक फळी ताणकाट्याला टांगून वजन करायची. वजन बदलायचं थांबलं, की फळी तिथल्या हवेला सरावली. तुमचीच पद्धत. मी महिन्यानंतर गेले, तर फळ्यांच्या टोकांवर पेन्सिलीनं वजनं लिहिलेली होती. मराठी आकडे. तुमचा तो लांब शेपटीचा नऊ, तुमचा पोट पुढे काढलेला पाच. वाटलं, जुन्या फळ्या असतील, तुम्ही हाताळलेल्या.

"हे कुणी लिहिलं?"

"मीच, अक्का. अप्पांनी असंच शिकवलं. दुसऱ्या आकड्यांत लिहिलं तर मला हिशेबच लागत नाही."

तिला मराठीचं एक अक्षर वाचता येत नाही. मी मराठी आहे आणि माझे सगळे आकडे इंग्रजी आहेत. तुमचं अक्षर तिच्या हातात गेलं, बाबा. मी कुठे होते? परीक्षेला बसले होते.

जमीन पुन्हा बसली आणि काल चौकट उभी केली. इथल्या रिवाजाप्रमाणे पूजा झाली, हळद-कुंकू लागलं आणि बाईंनी सुतारासाठी ताट आणलं: नेसायला नवी वेष्टी, पानसुपारी, केळी, नारळ. त्यांनी ते सेल्वीपुढे धरलं. ती दोन पावलं मागे सरली. म्हणाली, "पहिला मान गुरूचा. ते नाहीत, तर त्यांच्या घरच्यांचा." आणि ताट घेऊन माझ्या हातात दिलं.

सगळे माझ्याकडे बघत होते. मी ते घेतलं. खोटं नाही सांगत, क्षणभर बरंही वाटलं. मग कळलं, ते मला मुलगी म्हणून मिळालं होतं, आणि ते देण्याचा अधिकार तिला कामामुळे मिळाला होता. मी अदलाबदल करायला तयार होते. तिथं, त्याच क्षणी.

नंतर खोलीत एकटी बसले. जमीन सपाट आहे, सांधे घट्ट, कुठे करकर नाही. ड्रॉइंग माझं आहे आणि ते चांगलं आहे. हे तुम्ही म्हणायला हवं होतं. म्हणून मीच म्हणते.

सेल्वीनं पेटी कधी मागितली नाही. काल काटकोन बघायचा गुण्या घेऊन कोपरे तपासत होती, तो तिचा स्वस्तातला, किंचित हललेला. दोनदा उलटसुलट करून बघत होती. तुमचा पितळी गुण्या पेटीत कपड्यात गुंडाळलेला आहे, हे तिला माहीत आहे. मागितला असता तर नाही म्हणणं मला सोपं गेलं असतं.

तर वचन देते. येत्या रविवारी पेटी तिच्या शेडवर मी स्वतः नेऊन देईन. सगळी. एकही पटाशी मागे ठेवणार नाही आणि आतलं काही आधी उघडून बघणार नाही. आनंदानं देईन, असं वचन मात्र मागू नका. ते माझ्याकडे नाही.

तुमची एकुलती एक मुलगी,
मधुरा