पाठवणाऱ्याचा पत्ता

४ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र नेहमीप्रमाणे तुझ्या पेटी क्रमांकावर टाकतो आहे. इकडे सर्व ठीक आहे असं लिहायची रीत आहे, पण ठीक नाही. काल साहेबांनी व्ही. पी.चं नवं परिपत्रक माझ्या हातात दिलं आणि फलकासाठी सुवाच्य अक्षरात उतरवायला सांगितलं. माझी शाळा आठवीत सुटली, तरी मला पार्सलांच्या खिडकीवर बसवलं ते या अक्षरापायीच. चौथ्या कलमाशी माझा हात थांबला.

एक एप्रिलपासून व्ही. पी. पार्सलावर पेटी क्रमांक चालणार नाही. पाठवणाऱ्याचं पूर्ण नाव आणि राहत्या घराचा पत्ता वरच्या बाजूला ठळक लिहायचा. म्हणजे जो पैसे भरून पार्सल सोडवेल त्याला तो दिसणारच. आतापर्यंत गिऱ्हाइकाला केसांचा टोप मिळायचा, पण तो कुणी गुंफला हे कळायचं नाही. घर सोडल्यापासून दोन वर्षं तू याच आडोशाने राहिली आहेस. तुझं घर मलाही माहीत नाही आणि तेच बरं, कारण कुणी दरडावून विचारलं तर मला खोटं बोलता येत नाही.

दाजींचं चष्म्याचं दुकान पोस्टासमोरच्या रांगेत आहे हे तू विसरली नसशील. ते रोज तिकीट घ्यायला येतात, एका वेळी एकच. तुझं नाव काढत नाहीत, माझी तब्येत विचारतात. गेल्या आठवड्यात त्यांनी मासिकातून कापलेली तुमची जाहिरात खिडकीच्या काचेला टेकवून मला दाखवली. अस्सल केसांचे टोप, पैसे पार्सल मिळाल्यावर. खाली डोक्याचं माप कसं घ्यावं त्याचं चित्र. दाजी म्हणाले, हे चित्र काढणारा हात ओळखीचा वाटतो. त्यानंतर मी दोन पावत्या चुकवल्या.

तेव्हा काही महिने व्ही. पी. बंद ठेव. तुझं मनगट मोडलं त्या दिवशीही दाजी असेच हळू आवाजात बोलत होते.

माया आहे ती आटू देऊ नये, ही विनंती.

तुझा धाकटा

—

९ मार्च

चि. टिंबूस,
अ. उ. आ.

तुझं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा तू सोडलेल्या समासाचं कौतुक करत बसले, दुसऱ्यांदा घाबरले. लहानपणी एक टिंब राहिलं म्हणून अख्खी पाटी पुसणारा तू, नाव काही उगाच पडलं नाही.

व्ही. पी. बंद ठेवायची म्हणजे चूल बंद ठेवायची. टक्कल पडलेला माणूस दुकानाची पायरी चढत नाही, आणि न पाहिलेल्या टोपासाठी आधी पैसेही पाठवत नाही. कागदाची पट्टी डोक्याभोवती गुंडाळतो, दोन्ही कानांच्या खुणा करतो आणि लखोट्यात घालून पाठवतो. आमची सगळी गिऱ्हाइकं म्हणजे अशा पट्ट्याच. चेहरा एकाचाही पाहिलेला नाही.

मला थारा देणाऱ्या टोपवाल्या आजोबांच्या नावावर पार्सलं टाकावीत, असं तुला सुचेल. मलाही सुचलं. पण तूच उतरवलेलं अकरावं कलम बघ, इथल्या फलकावरही तेच आहे. पैसे फक्त पाठवणाऱ्याच्या हातात, त्या पत्त्याच्या पोस्टातच, ओळख पटवून. आजोबा एकदा हे तीन जिने उतरले तर परत चढायचे नाहीत. त्यांचा हात आता इतका कापतो की सुईत केस ओवणंही माझ्याकडे आलं आहे.

पार्सलात काय आहे तेही बाहेर लिहायचं का? बँकेतल्या एका गृहस्थांनी कळवलंय की तसं लिहिलं तर घेणार नाही, कारण बायकोला अजून माहीत नाही. लग्नाला नऊ वर्षं झाली आहेत. ती बाई घरात कुणाकडे बघते तरी काय, असं आजोबा विचारतात.

नव्या फॉर्मचा भरलेला नमुना पाठव. भीती वाटते, पण चुकीच्या फॉर्मची जास्त वाटते, असं म्हणून स्वतःला फसवते आहे.

जेवणाची आबाळ करू नकोस. आशीर्वाद आहेतच, वापरत जा.

तुझी ताई

—

२८ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

सोबत नमुना आहे. तांबड्या शाईने खुणा केल्या आहेत. एकही रकाना मोकळा सोडू नकोस. लागू नसेल तिथे आडवी रेघ मार. रक्कम आकड्यात आणि अक्षरात. वजन ग्रॅमपर्यंत. वस्तूच्या जागी ‘केसांचं काम’ चालेल, मी साहेबांना विचारलं. गाठीवर लाख घाल. एवढं सगळं नीट असलं की जगातलं कुठलंच पोस्ट तुझं पार्सल परत पाठवू शकत नाही.

दाजी काल फलकापुढे पाव तास उभे होते. मग खिडकीशी येऊन त्यांनी विचारलं की पाठवणाऱ्याचं घर आता खरंच पार्सलावर दिसणार का. मी हो म्हणालो. समोर माझ्याच अक्षरात लिहिलेलं असताना नाही कसं म्हणणार होतो? ते हसले. म्हणाले, आपण दोन वर्षं उगाच पायपीट केली, आता खातंच मदतीला आलं.

ताई, या गावची ऑर्डर आली तर घेऊ नकोस, नाव कुणाचंही असो. एवढं माझं ऐक.

लोभात माझी जागा राखून ठेवावी.

तुझा धाकटा

—

१७ एप्रिल

ती. ताईस,
नमस्कार.

पार्सल आलं आहे. सकाळी थैली ओतली आणि तुझं अक्षर वर आलं. तुझा पत्ता मी पहिल्यांदाच वाचला. तिसरा मजला, मागची खोली. मला तो वाचायचा नव्हता.

पार्सल आमच्या इथल्या सायकलवाल्याच्या नावावर आहे. त्याचं दुकान दाजींच्या दुकानाला चिकटून. त्याला टक्कल आहे हे खरं, पण तो टोप घालणारा माणूस नाही, डोक्याला ग्रीस पुसतो. मी सांगितलं होतं, तरी तू ऑर्डर का घेतलीस?

काहीतरी चूक सापडेल म्हणून मी पार्सल तीनदा तपासलं. फॉर्म अपुरा असेल तर कलम सातप्रमाणे परत करता येतं. एकही रकाना मोकळा नाही. लागू नाही तिथे आडवी रेघ. वजन ग्रॅमला ग्रॅम. लाख जशी हवी तशी. मी शिकवलं होतं तसं सगळं. माझ्याच नमुन्याने मला बांधून टाकलं आहे.

दुपारी सायकलवाला आला, त्याच्या मागे दाजी. साहेब बाहेर आहेत, उद्या या, असं मी म्हणालो. साहेब आत चहा पीत होते. पार्सल मी पत्त्याची बाजू खाली करून फळीवर ठेवलं आहे. सात दिवसांच्या आत मला ते द्यावंच लागेल. माझ्या खिडकीत तिकिटं ओली करायला स्पंजाची डबी असते. शाई पाण्याने फुटते. तो गुन्हा आहे, नोकरी जाईल, तरी तुझं उत्तर आलं नाही तर मी ते करणार आहे.

घाईत लिहिलं आहे, अक्षराची माफी असावी.

तुझा धाकटा

—

१८ एप्रिल

चि. टिंबूस,
अ. उ. आ.

पार्सल तुझ्या हातात पडलं असेल आणि तू डोकं धरून बसला असशील. तुझं न ऐकता मी ते मुद्दाम पाठवलं.

ऑर्डर सायकलवाल्याच्या नावाने आली. पट्टी उलगडली आणि दिव्याखाली धरली. डाव्या कानाची खूण उजव्यापेक्षा बोटभर वर. सहा वर्षं मी त्या डोक्याचे केस कापले आहेत. सायकलवाल्याच्या डोक्याचं माप मागून त्याला आधी काही कळू द्यायचं नसावं, म्हणून तुझ्या दाजींनी स्वतःचंच घेतलं. आपलं डोकं बायको पट्टीवरून ओळखेल हे त्यांच्या मनातही आलं नसेल.

नाही म्हटलं असतं तर दुसऱ्या नावाने, दुसऱ्याच डोक्याचं माप घेऊन ऑर्डर आली असती. मग मी प्रत्येक पट्टीला भीत बसले असते. त्यापेक्षा एकदाच खोटं ठरेल असा खरा पत्ता द्यावा, असं ठरवलं. फॉर्म भरला त्या दिवशी आम्ही तिथेच राहत होतो, तेव्हा तुझा नियम मोडलेला नाही. दुसऱ्या दिवशी मी आणि दोन हमाल आजोबांना खुर्चीसकट खाली घेऊन आलो. ते वाटभर हमालांना कुठल्या पायरीला कुठला पाय टाकायचा ते सांगत होते. आता आम्ही याच गावात, पण दुसऱ्या टोकाला आहोत. खोली रिकामी आहे. येऊ देत त्यांना, तीन जिने चढू देत.

तेव्हा पार्सल मुकाट देऊन टाक. त्या व्ही. पी.चे पैसे आले की मी जाऊन घेईन, नव्या जागेची अनामत त्यातूनच भरायची आहे.

माझ्या आशीर्वादाला वजनाची मर्यादा नाही, हवे तितके घे.

तुझी ताई

—

२१ एप्रिल

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र आज अकराला मिळालं. तोवर मी स्पंज भिजवून ठेवला होता. तो डबीत परत ठेवला आणि पार्सल दिलं. सायकलवाल्याने सही केली, पैसे दाजींनी भरले. पत्ता त्यांनी ओठ हलवत वाचला. टोप सायकलवाल्याने तिथेच घालून पाहिला, तो भुवयांपर्यंत आला. रांगेतली माणसं हसली. दाजी हसले नाहीत.

ताई, तू एक गोष्ट विसरलीस, आणि ती तूच मला लिहिली होतीस. अकरावं कलम. घर तू बदललंस, पण पैसे त्या पत्त्याच्या पोस्टातच मिळणार, तुझ्याच हातात. दाजींनी फलक माझ्यापेक्षा नीट वाचला आहे. ते तीन जिने चढणार नाहीत. जाताना त्यांनी हळूच विचारलं की पैसे तिकडे पोचायला किती दिवस लागतात. मी म्हणालो, तीन. विचारलं म्हणून सांगितलं. तोंडातून गेल्यावर कळलं.

पैसे घ्यायला जाऊ नकोस. महिनाभर पडून राहिले तर खात्यात जमा होतात, होऊ देत. अनामत मी बघतो.

पण पैशांचा कागद आणि हे पत्र एकाच थैलीतून जाणार आहेत. पेटीतून तू पत्र आधी काढशील की आधी पोस्टात जाशील, हे मला इथून कळणार नाही. म्हणून सहा वर्षांत पहिल्यांदा रजेचा अर्ज दिला आहे. साहेबांनी मला ताप आहे का म्हणून विचारलं. तुझं नवं घर मी शोधणार नाही. फक्त त्या पोस्टापर्यंत येईन. दाजींसमोर उभं राहायचं झालं तर काय बोलायचं ते अजून सुचलेलं नाही.

भेट न झाली तरी लोभ धरावा.

तुझा धाकटा

—

२५ एप्रिल

चि. टिंबूस,
अ. उ. आ.

तुझं पत्र मला आज मिळालं. काल सकाळी मी मोठ्या पोस्टातल्या पेटीकडे न जाता सरळ जुन्या घराजवळच्या पोस्टात पैसे घ्यायला निघाले होते.

रस्ता ओलांडायला कडेला थांबले आणि तू दिसलास. पोस्टाच्या शेवटच्या पायरीवर रुमाल अंथरून, पाय जुळवून, डबा मांडीवर घेऊन बसला होतास. कामाचा दिवस होता. आईच्या तेराव्यालाही अर्ध्या दिवसात खिडकीवर हजर झालेला माझा भाऊ कामाच्या दिवशी परगावी पायरीवर बसला आहे, एवढंच मी पाहिलं. आत कोण बसलं आहे हे मग कुणी सांगायला लागलं नाही. पदर डोक्यावर घेतला आणि आले तशीच मागे फिरले. गल्लीच्या तोंडाशी एका ओट्यावर बराच वेळ बसून राहिले.

तू माझ्याकडे पाहिलं नाहीस. तू दाराकडे बघत होतास.

पैसे राहू देत तिथेच. दाजी आता तुझ्या खिडकीशी येतील, तब्येत विचारतील. तू खोटं बोलू नकोस. ताई भेटली नाही हे खरंच आहे. नव्या खोलीला आतून दोन कड्या आहेत, मी दोन्ही लावते, आणि जिन्यात पाऊल वाजलं की अजून हातातली सुई थांबते. आज सकाळी नवी पट्टी आली. दोन्ही कान सारख्या उंचीवर आहेत. तरी तीनदा मोजली.

तुझा लोभ काल पायरीवर पाहिला. तेवढा पुरे, त्याहून जास्त मागत नाही.

तुझी ताई