डाव्या पायाची निर्दोष सुटका

प्रिय घाईबाई,

फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस, म्हणून लिहितोय. आधी निकाल ऐक: माझा डावा पाय निर्दोष सुटला. बिचाऱ्याने चार महिने उगाच लोकापवाद सोसला.

तुला ठाऊकच आहे, फिरत्या वाचनालयाची व्हॅन चालवून घरी आलो की तो लटपटायचा, झोपेत ठणकायचा. तुझी आई जिन्यात माझ्यामागे हात पसरून चालायची, जणू मी काचेचं कपाट. डॉक्टरांनी नसा तपासल्या, कंबर तपासली. काहीच सापडेना, तेव्हा तर मी मनातल्या मनात निरवानिरव सुरू केली. गाडी जड जाते का, असं तुझ्या आईने दोनदा विचारलं होतं. छे, लोण्यासारखी चालते, म्हणालो. खरं सांगितलं असतं तर वाचनालयाच्या समितीने ती बावीस वर्षांची म्हातारी भंगारात काढली असती. गाडीला नावं ठेवू द्यायची नव्हती, म्हणून पायाला ठेवली.

मंगळवारी तिसरा गिअर आपोआप निसटू लागला, तेव्हा झक मारत मिस्त्रीकडे गेलो. त्याने क्लच दाबून पाहिला आणि चक्क कण्हला. “अहो पुस्तकवाले, हे पेडल दाबता की भिंत ढकलता? पाय थरथरणार नाही तर काय नाचेल?” गिअरबॉक्स उतरवून त्याने क्लचप्लेट माझ्या हातात दिली, झिजून पार पत्रा झालेली. प्लेट, बेअरिंग, केबल, गिअरबॉक्समधला झिजलेला फोर्क, सगळं नवं घातलं. कालपरवा शंभरेक किलोमीटर फिरलो. पाय शांत. डॉक्टर म्हणाले, “हे आधी नाही का सांगायचं?” तुझी आई मात्र जिन्यात मला मागे टाकून तरातरा वर निघून गेली.

तेव्हा तू एक तारखेला राजीनामा देऊन घरी यायचं आणि माझ्याऐवजी व्हॅन चालवायची, हा बेत रद्द. लिहिलेला राजीनामा फाड. एवढ्या कष्टाने मिळवलेली प्रयोगशाळेतली नोकरी माझ्या पायापायी सोडायची नाही. आणि एक कबुली: दोष गाडीचा, हे मंगळवारीच कळलं होतं. आज शनिवार. मधले दिवस खात्री करून घेत होतो, असं तुझ्या आईला सांगितलंय. खरं तर तू घरी येणार आहेस, हे आणखी चार दिवस खरं राहू द्यावंसं वाटलं.

लोभाबद्दल वेगळं लिहीत नाही.

तुझाच,
बाबा